एक्सपोर्टचे बटण दाबण्यापूर्वी

घरातल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आता घरातच तयार होऊ लागला आहे. निकाह असो, अकीका असो, मुलाचे कुरआन खतम असो किंवा हजला निघालेल्या दादा-दादींना निरोप देण्याचा दिवस असो, पाच-सहा मोबाइलांत विखुरलेल्या क्लिप गोळा करायच्या आणि त्यातून अर्ध्या-पाऊण तासाचा एक व्हिडिओ बनवायचा, हे काम कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा सहज करतो. अलीकडे पुष्कळ घरांत अम्मीही करतात. कापणे-जोडणे शिकायला दोन संध्याकाळी पुरतात. घोडे अडते ते शेवटच्या पायरीवर. ‘एक्सपोर्ट’ म्हटले की एक चौकट उघडते आणि फॉरमॅट, कोडेक, रेझोल्यूशन, फ्रेमरेट, बिटरेट अशी नावे समोर येतात. त्यातले काहीच कळत नसल्याने बहुतेक जण जे दिसेल त्यावर ‘ओके’ म्हणतात.

मग तक्रारी सुरू होतात. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला तर आवाज येतो, चित्र येत नाही. कुवेतच्या मामूंना पाठवलेल्या व्हिडिओत नवरीचा चेहरा चौकडीच्या कापडासारखा दिसतो. कुठे नऊ जीबीची फाइल तयार होते आणि १६ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवरही ती बसत नाही. या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि तिन्ही एक्सपोर्टच्या त्याच चौकटीत सुटतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या, कारण सर्वांत मोठे नुकसान तिच्यामुळे होते. आपण एडिटिंग करून ‘सेव्ह’ करतो तेव्हा व्हिडिओ सेव्ह होत नाही. सेव्ह होते ती केवळ एक यादी: या क्लिपचा इथपासून इथपर्यंतचा भाग घ्या, मग त्या क्लिपचा, वर हे नाव लिहा, खाली हा आवाज लावा. बिर्याणीची कृती वहीत लिहून ठेवावी आणि तांदूळ-गोश्त फ्रीजमध्येच असावे, तसे. म्हणूनच ही प्रोजेक्ट फाइल अगदी लहान असते, काही केबींची. मोबाइलची जागा भरली म्हणून मूळ क्लिप पुसून टाकल्या की ती यादी निरुपयोगी होते. प्रोग्राम उघडताच ‘फाइल सापडत नाही’ म्हणतो. एक्सपोर्ट म्हणजे ती कृती प्रत्यक्ष शिजवणे. आणि शिजवताना जे तपशील गळाले ते नंतर परत येत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यासाठी बारीक केलेली प्रत हीच घरातली एकमेव प्रत उरली, असे किती घरांत झाले असेल ते आपापला मोबाइल पाहून ठरवावे.

डबा आणि डब्यातला पदार्थ

फाइलच्या नावाच्या शेवटी एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय असे काही असते. हे डब्याचे नाव आहे. डब्यात काय भरले आहे ते यावरून कळत नाही. आत चित्र एका पद्धतीने आकसून ठेवलेले असते आणि आवाज दुसऱ्या पद्धतीने. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. टीव्हीवर आवाज आला आणि चित्र आले नाही, याचा अर्थ टीव्हीने डबा उघडला, आवाज ओळखला, पण चित्राची पद्धत त्याला ठाऊक नव्हती.

चित्राचे दोन कोडेक घरच्या माणसाला माहीत असले की पुरे. पहिला एच.२६४. तो २००३ साली प्रमाणित झाला आणि आज तो न चालणारा मोबाइल, टीव्ही किंवा संगणक शोधूनच काढावा लागेल. दुसरा एच.२६५, ज्याला एचईव्हीसी असेही म्हणतात, तो २०१३ चा. तितक्याच दर्जाचे चित्र तो बऱ्याच कमी जागेत बसवतो, म्हणून नवे मोबाइल चित्रण यातच करतात. आयफोनमध्ये ही सोय २०१७ पासून आहे. पण जुन्या टीव्हीला तो कळत नाही आणि काही लॅपटॉपवर अडखळत चालतो. यानंतर २०१८ मध्ये एव्ही१ आला, त्याची घरगुती कामात अजून गरज नाही.

तेव्हा आमचा सल्ला साधा आहे. व्हिडिओ दुसऱ्याच्या घरी जाणार असेल तर डबा एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी. फाइल थोडी मोठी झाली तरी चालेल. गावाकडच्या फुफूंच्या दहा वर्षांच्या टीव्हीवर ती चालली पाहिजे, हे महत्त्वाचे. एच.२६५ आपल्या स्वतःच्या साठवणीच्या प्रतीसाठी ठेवावा.

याच ठिकाणी आणखी एक अडचण येते. अलीकडचे काही मोबाइल, विशेषतः २०२० नंतरचे आयफोन, एचडीआर नावाच्या पद्धतीने चित्रण करतात. त्यात उजेड आणि रंग जास्त साठवले जातात, पण साध्या क्लिपबरोबर ते जोडले की एक्सपोर्टनंतर चेहरे फिके, धुतल्यासारखे किंवा भलतेच उजळ दिसतात. कार्यक्रमापूर्वीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एचडीआर व्हिडिओ बंद करणे हा यावरचा सगळ्यांत स्वस्त इलाज. झाल्यावर रंग सुधारत बसण्यात रात्री जातात.

रेझोल्यूशन: मोठे म्हणजे चांगले, असे नाही

चित्र किती ठिपक्यांचे, ते रेझोल्यूशन सांगते. १२८० बाय ७२० म्हणजे एचडी, १९२० बाय १०८० म्हणजे फुल एचडी आणि ३८४० बाय २१६० म्हणजे फोर-के. फोर-केमध्ये फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात. नवशिका हमखास फोर-के निवडतो, कारण यादीत ते सर्वांत वर असते. पण पाचपैकी चार मोबाइलांनी फुल एचडीत चित्रण केले असेल तर एक्सपोर्ट करताना प्रोग्राम नवे ठिपके कुठून आणणार? शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाज करून तो ते भरतो. फाइल फुगते, एक्सपोर्टला चौपट वेळ लागतो आणि नवरीच्या दुपट्ट्याची जरी होती तेवढीच दिसते. सगळे चित्रण खरोखर फोर-केत झाले असेल तरच फोर-के ठेवा. एरवी १०८०.

क्लिप उभ्या आणि आडव्या मिसळल्या असतील तर निर्णय आधी घ्यावा. टीव्हीवर पाहायचा व्हिडिओ आडवाच हवा. उभ्या क्लिपच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या. त्या भरण्यासाठी चित्र ताणले की माणसे बुटकी आणि रुंद होतात. मग वलीम्याच्या जेवणाला नावे ठेवली जातात.

फ्रेमरेट आणि ट्यूबलाइट

व्हिडिओ म्हणजे एका सेकंदात अनेक स्थिर चित्रे. ती किती, ते फ्रेमरेट सांगतो. मोबाइल साधारणपणे सेकंदाला ३० चित्रे घेतात. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत पाल नावाची होती आणि तीत सेकंदाला २५ चित्रे असत, त्यामुळे व्हीएचएस किंवा मिनी-डीव्ही टेपांतले चित्रण २५ चे असते. नियम एवढाच: ज्या वेगाने चित्रण झाले त्याच वेगाने एक्सपोर्ट करा. ३० चे ६० केले तर काही सुधारत नाही. २५ चे ३० केले तर दर सेकंदाला पाच चित्रे दोनदा दाखवावी लागतात आणि चालणारा माणूस ठेचकाळत चालल्यासारखा दिसतो.

आपल्या देशात विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा आहे, म्हणून काही ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी माळा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण ३० च्या वेगाने घेतलेल्या चित्रणात हॉलभर उजेडाच्या लाटा सरकताना दिसतात. १०० ला २५ ने भाग जातो, ३० ने जात नाही, हे त्याचे मूळ. मोबाइलच्या कॅमेऱ्यात २५ चा पर्याय असेल तर रात्रीच्या मंडपात तो निवडावा. आयफोनमध्ये त्यासाठी पाल फॉरमॅट दाखवण्याचे एक बटण सेटिंगमध्ये चालू करावे लागते. एक्सपोर्ट करताना मात्र या लाटा जात नाहीत.

मोबाइलची आणखी एक खोड आहे. तो ३० म्हणतो, पण उजेड कमी झाला की कधी २४, कधी २७ चित्रे घेतो. म्हणजे वेग बदलता राहतो. काही एडिटिंग प्रोग्राम यावर गोंधळतात, आणि अर्ध्या तासाच्या व्हिडिओत हळूहळू आवाज एकीकडे, चित्र दुसरीकडे असे होते. काझीसाहेबांच्या प्रश्नानंतर नवऱ्या मुलाचे ओठ हलून जातात आणि ‘कबूल है’ नंतर ऐकू येते. हा दोष एक्सपोर्टच्या चौकटीत शोधू नका. क्लिप एडिटिंगला घेण्याआधीच स्थिर वेगात बदलून घ्याव्या लागतात. हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्राम हे करतो. त्यात फ्रेमरेटच्या जागी ‘कॉन्स्टंट’ निवडायचे. शॉटकट या मोफत एडिटिंग प्रोग्रामला अशी क्लिप दिली तर तो स्वतःच ती एडिटिंगयोग्य रूपात बदलून देऊ का असे विचारतो. त्याला हो म्हणावे.

बिटरेट: खरा निर्णय इथे आहे

आतापर्यंतच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे जवळजवळ ठरलेली आहेत. बिटरेटचे तसे नाही, म्हणून इथे थोडे थांबू.

एका सेकंदाच्या व्हिडिओसाठी किती माहिती खर्च करायची, ते बिटरेट सांगतो. तो मेगाबिटमध्ये मोजतात. आठ बिट म्हणजे एक बाइट, त्यामुळे हिशेब तोंडी करता येतो: बिटरेटला सेकंदांनी गुणा आणि आठने भागा, फाइल किती एमबीची होईल ते मिळते. ८ मेगाबिटचा बिटरेट म्हणजे सेकंदाला १ एमबी, मिनिटाला ६० एमबी आणि चाळीस मिनिटांच्या व्हिडिओला २,४०० एमबी, म्हणजे सुमारे २.४ जीबी. सगळे यात आले. रेझोल्यूशन कितीही असो, फाइलचा आकार ठरवणारी गोष्ट बिटरेट आहे, हे अनेकांना माहीत नसते. ७२० चा व्हिडिओ १०८० च्या व्हिडिओपेक्षा मोठा होऊ शकतो, त्याला बिटरेट जास्त दिला तर.

मग किती द्यावा? यूट्यूब स्वतःच्या अपलोडसाठी सांगतो तो आकडा सुरुवातीला धरायला चांगला आहे: सेकंदाला ३० चित्रांपर्यंतच्या १०८० व्हिडिओला ८ मेगाबिट, ७२० ला ५, फोर-केला ३५ ते ४५. सेकंदाला ६० चित्रे असतील तर १०८० ला १२.

पण प्रसंग पाहून तो बदलावा लागतो, आणि आपल्या घरच्या कार्यक्रमांत तो हमखास बदलावा लागतो. कोडेक जागा वाचवतो ती कशी? मागच्या चित्रात जे होते तेच पुढच्या चित्रात असेल तर तो ते पुन्हा लिहीत नाही, ‘मागचेच’ अशी खूण करतो. मौलाना खुर्चीवर बसून बयान करत आहेत, मागे भिंत आहे. इथे बदलतात फक्त ओठ आणि हात. अशा चित्रणाला ३-४ मेगाबिटही भरपूर होतात. आता निकाहचा मंडप पाहा. फुलांचा सेहरा हलतो आहे, लहान दिव्यांच्या माळा लुकलुकत आहेत, जरीचे आणि टिकल्यांचे कपडे चमकत आहेत, मुले मधून धावत आहेत, आणि कॅमेरा हातात धरलेला असल्याने भिंतसुद्धा हलते आहे. ‘मागचेच’ म्हणण्यासारखे काहीच उरत नाही. बिटरेट अपुरा असेल तर कोडेक नाइलाजाने चौकोन-चौकोन करून काम उरकतो. चेहऱ्याचे चौकडीचे कापड होते ते इथे. म्हणून अशा चित्रणाला १०८० वर १२ ते १६ द्यावेत.

जाता जाता: एडिटिंग प्रोग्राममध्ये पडद्यावरून गुलाबपाकळ्या आणि चमचमते तारे पडण्याचे जे इफेक्ट मिळतात, ते याच कारणाने घातक आहेत. कोडेकची सगळी ताकद त्या खोट्या पाकळ्या रेखाटण्यात जाते आणि खऱ्या माणसांच्या वाट्याला उरलेसुरले येते. शिवाय त्या दिसतातही वाईट, असे आमचे मत आहे.

काही प्रोग्राम बिटरेट न विचारता ‘क्वालिटी’ विचारतात. यात आपण दर्जा ठरवायचा आणि बिटरेट प्रसंगाप्रमाणे प्रोग्रामने कमी-जास्त करायचा. बयानाला कमी, मंडपाला जास्त, आपोआप. नवशिक्याला हीच पद्धत सोयीची. हँडब्रेकमध्ये यासाठी एक आकडा असतो आणि तो उलटा चालतो: आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. १०८० च्या व्हिडिओला २० ते २४ ठेवा असे त्याचे कर्तेच सांगतात. आठवण म्हणून जपायच्या प्रतीला १८ पर्यंत खाली या. त्याखाली गेल्याने डोळ्यांना फरक दिसत नाही, फक्त जागा जाते. शॉटकटमध्ये हाच दर्जा टक्क्यांत विचारला जातो. क्वालिटीच्या पद्धतीत एकच उणीव आहे, फाइल किती मोठी होईल ते आधी सांगता येत नाही. ठरावीक आकारात बसवायचे असेल तेव्हा सरासरी बिटरेटची पद्धत घ्यावी.

आवाजाचे थोडक्यात: एएसी, ४८ किलोहर्ट्झ, १९२ किलोबिट. चित्रापुढे आवाजाला जागा फारच कमी लागते, म्हणून तिथे कंजूषपणा करू नये. जुन्या कॅमेऱ्यांचा आवाज कधी कधी एकाच कानात येतो. एडिटिंगमध्येच तो दोन्हीकडे नकलून घ्यावा.

जुनी टेप हाताशी असेल तर

आता ज्या कामासाठी हे सगळे खरोखर शिकावे, त्याकडे येऊ. पुष्कळ घरांच्या कपाटात १९९० च्या दशकातल्या निकाहची व्हीएचएस टेप आहे, किंवा त्यानंतरची मिनी-डीव्ही, व्हीसीडी, डीव्हीडी. त्यात आज हयात नसलेली माणसे आहेत. दादीमरहूमांचा फोटो भिंतीवर असतो, पण त्यांचा आवाज, रुख्सतीच्या वेळी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी दिलेली दुआ, फक्त त्या टेपवर असते. टेपचा चुंबकीय थर झिजतो, बुरशी धरतो, कोकणच्या दमट हवेत तर लवकर. ती वाजवणारी यंत्रेही संपत आली आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. मिनी-डीव्ही कॅमेऱ्याची केबल ज्या फायरवायर जोडणीत जाते ती आजच्या लॅपटॉपला नसते. म्हणजे अनेक घरांत ही टेप आता एकदाच नीट चालवली जाणार आहे, आणि त्या एका वेळी निवडलेल्या सेटिंगवर पुढच्या पिढीला काय दिसेल ते ठरणार आहे.

टेप दुकानात देऊन डिजिटल करून घ्यायची असेल तर दुकानदाराला नेमके सांगा. ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रे, आणि बिटरेट भरपूर. ‘फुल एचडी करून देतो’ असे कोणी म्हटले तर नको म्हणा. पाल टेपचे चित्र डिजिटल झाल्यावर ७२० बाय ५७६ च असते, व्हीएचएसवर तर प्रत्यक्ष तपशील त्याहूनही कमी असतो. तिला १०८० करणे म्हणजे दुधात पाणी घालून दूध वाढले म्हणणे. मिनी-डीव्हीचे चित्रण मुळातच डिजिटल असते. ते कॅमेऱ्यातून जसेच्या तसे उतरवून मागावे. तासाला सुमारे १३ जीबी होतात. होऊ द्या. ही मूळ प्रत न छेडता ठेवायची आणि बाकीच्या प्रती तिच्यावरून काढायच्या.

घरी एक्सपोर्ट करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, चित्राचा आकार. जुना टीव्ही चारास तीन होता, आजचा सोळास नऊ. प्रोजेक्ट सोळास नऊचा ठेवून चित्र ताणले की दादी रुंद होतात. आस्पेक्ट रेशोच्या जागी ४:३ ठेवा आणि बाजूच्या काळ्या पट्ट्यांना घाबरू नका.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जुन्या पद्धतीत एक चित्र दोन हप्त्यांत येई, आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या ओळी. याला इंटरलेसिंग म्हणतात. काचेच्या टीव्हीवर ते कळत नसे. संगणकावर आणि मोबाइलवर मात्र हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. त्या काढायला एक्सपोर्टमध्ये किंवा हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू करावे लागते. यादिफ किंवा बीडब्ल्यूडिफ असे पर्याय दिसतात, कोणताही चालेल. ‘बॉब’ हा पर्याय मिळाला तर दोन्ही हप्त्यांची स्वतंत्र चित्रे होऊन सेकंदाला ५० चित्रे बनतात आणि हालचाल जुन्या टीव्हीवर दिसायची तशी मऊ दिसते. हे न करता कोणी चित्राचा आकार बदलला तर ते दात चित्रात कायमचे मिसळून जातात आणि मग कोणताही फिल्टर ते काढू शकत नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी डीइंटरलेस, मग बाकी सर्व.

व्हीसीडीकडून फार अपेक्षा करू नये. तिचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे आणि बिटरेट जेमतेम १.१५ मेगाबिट. त्याच कार्यक्रमाची टेप कुठे असेल तर तीच शोधा. नवऱ्याकडे व्हीसीडी आणि नवरीच्या माहेरी टेप, असे पुष्कळदा असते. डीव्हीडी असेल तर तिच्यातला ‘व्हिडिओ टीएस’ हा संपूर्ण फोल्डर आधी हार्डडिस्कवर उतरवून घ्या आणि हँडब्रेकला तो दाखवा. घरी जाळलेल्या डीव्हीडीही काही वर्षांनी वाचेनाशा होतात.

कोणाला कशी पाठवायची

मामू कुवेतला, खाला दुबईला, आणखी कोणी नैरोबीला किंवा लंडनला. त्यांना व्हिडिओ मिळतो तो व्हॉट्सअ‍ॅपवरच. इथे लक्षात घ्यायचे ते असे की व्हिडिओ गॅलरीतून निवडून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो पुन्हा आकसतो. आपण निगुतीने दिलेला बिटरेट तिथे कापला जातो. ‘एचडी’ निवडले तर कमी कापला जातो, पण कापला जातोच. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते. २०२२ पासून अशी फाइल २ जीबीपर्यंत चालते.

वरचा हिशेब इथे कामी येतो. पंचेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ आहे आणि २ जीबीत बसवायचा आहे. थोडी मोकळीक ठेवून १,९०० एमबी धरा. आठने गुणा, १५,२०० झाले. पंचेचाळीस मिनिटांचे २,७०० सेकंद. भागा, साडेपाचच्या थोडे वर आले. आवाजाला थोडे सोडून चित्राला ५.४ मेगाबिट. मंडपाच्या गडबडीला १०८० वर हे अपुरे आहे, पण ७२० वर चांगले आहे. मोबाइलच्या पडद्यावर ७२० चे नितळ चित्र १०८० च्या फाटलेल्या चित्रापेक्षा केव्हाही बरे. म्हणून या प्रतीला ७२०.

ड्राइव्हवर चढवून दुवा पाठवणार असाल तर गूगलच्या मोफत १५ जीबीत मेल आणि फोटोही मोजले जातात हे ध्यानात घ्या. हँडब्रेकमध्ये ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ची खूण केली की फाइल पूर्ण उतरण्याआधीच दिसू लागते.

यूट्यूबवर चढवताना तीन पर्याय येतात. ‘पब्लिक’ म्हणजे कोणालाही दिसेल. ‘अनलिस्टेड’ म्हणजे शोधात येणार नाही, पण दुवा ज्याच्या हाती लागेल त्याला दिसेल, आणि कौटुंबिक ग्रुपमधला दुवा पुढे जायला वेळ लागत नाही. ‘प्रायव्हेट’ म्हणजे आपण ज्यांचे ईमेल देऊ त्यांनाच. महिलांच्या बैठकीचे चित्रण, मेहंदीची रात्र, या गोष्टी ज्यांच्या आहेत त्यांना विचारल्याशिवाय कुठेच चढवू नयेत, आणि खरे तर त्यांची वेगळी फाइलच एक्सपोर्ट करावी. प्रोग्राममध्ये टाइमलाइनचा फक्त ठरावीक भाग एक्सपोर्ट करता येतो. पुरुषांच्या बैठकीची एक, महिलांची एक, आणि ज्यांची त्यांना. एकाच फाइलमध्ये सगळे कोंबून मग ‘तो भाग पाहू नका’ सांगण्यात अर्थ नाही.

टीव्हीच्या पेनड्राइव्हचे राहिले. पेनड्राइव्ह बहुधा एफएटी३२ पद्धतीने आखलेला असतो आणि त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही, पेनड्राइव्ह कितीही मोठा असो. नऊ जीबीची फाइल न बसण्याचे कारण हे. एकतर पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा (त्यावरचे सर्व पुसले जाईल, आणि काही जुने टीव्ही तो वाचणार नाहीत), नाहीतर व्हिडिओचे निकाह आणि वलीमा असे दोन भाग करा. दुसरा उपाय बरा. तीन तासांचा व्हिडिओ एका बैठकीत तसेही कोणी पाहत नाही.

बटण दाबताना

संपूर्ण व्हिडिओ एक्सपोर्ट करण्यापूर्वी तीस सेकंदांचा तुकडा करून पाहा. सर्वांत गडबडीचा भाग निवडा, जिथे फुले, दिवे आणि गर्दी एकत्र आहे. तो तुकडा टीव्हीवर लावा, मोबाइलवर पाठवा, इअरफोन लावून ऐका. तीस सेकंद नीट दिसले तर चाळीस मिनिटेही दिसतील.

प्रोग्राममध्ये ‘हार्डवेअर एन्कोडर’ची खूण असेल तर काम झपाट्याने होते, पण तितक्याच दर्जासाठी फाइल मोठी लागते. ग्रुपवर घाईने पाठवायच्या प्रतीला ती खूण ठेवा, जपायच्या प्रतीला काढा आणि लॅपटॉप रात्रभर चालू द्या. चार्जर लावलेला असावा, ‘स्लीप’ बंद केलेले असावे आणि डिस्कवर तयार होणाऱ्या फाइलच्या दुपटीएवढी तरी जागा मोकळी असावी. मोबाइलवरच एडिटिंग करत असाल तर इनशॉट, व्हीएन, काइनमास्टर यांसारखी अ‍ॅप हेच प्रश्न कमी शब्दांत विचारतात: रेझोल्यूशन, फ्रेमरेट, क्वालिटी. काइनमास्टरची मोफत आवृत्ती चित्राच्या कोपऱ्यात आपले नाव उमटवते. विंडोज ११ बरोबर येणारा क्लिपचॅम्प फक्त रेझोल्यूशन विचारतो, बाकी स्वतः ठरवतो. पहिल्या व्हिडिओला तो ठीक आहे, जुन्या टेपेला नाही.

जपायची प्रत तयार झाली की फाइलला ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ अशी नावे देऊ नका. साल आधी, मग प्रसंग, मग घराणे किंवा गाव, मग ‘मूळ’ किंवा ‘मोबाइल’: ‘१९९६ निकाह चिपळूण मूळ’. दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ती ठेवा, एक आपल्या घरी आणि एक दुसऱ्या गावच्या भावाकडे. पुराचे पाणी पहिल्या मजल्यापर्यंत आले की एकाच कपाटातल्या दोन डिस्क एकदमच जातात. २००५ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कोकणातल्या घरांना हे वेगळे सांगायला नको. डिस्कबरोबर एका कागदावर कोण कोण दिसते त्यांची नावे वेळेसकट लिहून ठेवा: १२ व्या मिनिटाला डावीकडून दुसऱ्या दादी, त्यांच्या मागे थोरल्या खाला. ही नावे सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच हा कागद लिहिता येतो, तेव्हा एक्सपोर्ट चालू असतानाच त्यांच्याजवळ बसून तो पुरा करावा.